दूध-तुपावाचून घाईच्या दिवसांचा स्वयंपाक



‘व्हीगन’ हा शब्द आता आपल्या शाळेच्या व्हरांड्यातही ऐकू येऊ लागला आहे. वरच्या वर्गातील मुले तो सहज वापरतात, आजी-आजोबा तो ऐकून गोंधळतात आणि आया विचारतात, “दूध, दही, तूप, पनीर काहीच नाही, मग डब्यात द्यायचे तरी काय?” पालक सभेतही हाच प्रश्न निघाला. काही पालकांनी आपल्या मुलांना दूध सोसत नसल्याचे शाळेला लेखी कळवले आहे. तेव्हा या अंकात याच विषयाची सविस्तर माहिती द्यावी असे वाटले.

शब्दाचा अर्थ आधी पाहू. मांस, मासे व अंडी यांबरोबरच दूध, दुधाचे सर्व पदार्थ आणि मधही वर्ज्य करणारा आहार तो व्हीगन आहार. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाची सुरुवातीची आणि शेवटची अक्षरे जोडून हा शब्द तयार केला. शब्द परका असला तरी त्या यादीत बसणारे जेवण आपल्या घरात नवे नाही. पिठले-भाकरी, मटकीची उसळ, ठेचा, भरीत, आमटी-भात, थालीपीठ, कांदेपोहे, तिळगूळ हे पदार्थ मुळातच दुधाशिवाय होतात. त्यांच्यावर सोडलेली तुपाची धार किंवा शेजारी ठेवलेला लोण्याचा गोळा तेवढा काढला की झाले.

हा आहार कोणाला लागतो?

काही जण प्राण्यांविषयीच्या दयेने असा आहार घेतात, काही जण पर्यावरणाच्या विचाराने. तो ज्याचा त्याचा निर्णय आहे आणि दूध पिणाऱ्या घरांनी ते सोडावे असे सांगण्याचा या लेखाचा हेतू नाही. शाळेला जास्त काळजी आहे ती ज्या मुलांपुढे दुसरा मार्गच नाही त्यांची. अशी मुले दोन प्रकारची असतात आणि या दोघांमधला फरक प्रत्येक पालकाने समजून घ्यावा.

पहिला प्रकार दूध न पचणाऱ्यांचा. दुधात ‘लॅक्टोज’ नावाची साखर असते. ती पचवणारे ‘लॅक्टेज’ हे पाचक द्रव्य तान्ह्या मुलाच्या आतड्यात भरपूर असते. वय वाढते तसे पुष्कळांच्या शरीरात ते कमी होते. मग दूध प्यायल्यावर पोट फुगते, गुडगुडते, जुलाब होतात. अशा मुलांना थोडे दही किंवा ताक अनेकदा चालते, कारण विरजणात लॅक्टोज कमी झालेले असते. त्रास होतो, पण जिवाला धोका नसतो.

दुसरा प्रकार दुधाच्या ॲलर्जीचा. यात शरीर दुधातील प्रथिनालाच शत्रू समजते. अंगावर गांधी उठतात, ओठ व डोळे सुजतात, उलट्या होतात, क्वचित श्वास अडकतो. अशा मुलाला वाढदिवसाचा एक पेढाही घातक ठरू शकतो. दही-ताकही चालत नाही. “एवढ्याशाने काय होते?” असा आग्रह अशा मुलाला कधीही करू नये. श्वासाचा त्रास किंवा चेहऱ्यावर सूज दिसली तर घरगुती उपाय करत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. आपल्या मुलाला यांपैकी नेमके काय आहे हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे आणि वर्गशिक्षकांना लेखी कळवावे.

खरी अडचण वेळेची

पदार्थ माहीत नाहीत अशी आपली अडचण नाही. सकाळी सातच्या आधी बस येते, आई-वडील दोघेही नोकरीवर निघायचे असतात आणि हाताशी असते जेमतेम अर्धा तास. अशा वेळी ब्रेडला लोणी लावणे किंवा पनीर परतणे हा सोपा मार्ग वाटतो. दूध वर्ज्य झाले की तो मार्ग बंद होतो आणि मग मुलाच्या डब्यात रोज बटाट्याची भाजी येते. पोट भरते, पण वाढत्या वयाला लागणारी प्रथिने मिळत नाहीत.

यावर उपाय आपल्या आज्या करतच होत्या. त्यांचा सकाळचा स्वयंपाक आदल्या रात्रीच सुरू होत असे. भिजत घातलेले कडधान्य, डब्यात तयार असलेली भाजणी, बरणीतली कोरडी चटणी आणि दाण्याचे कूट एवढे घरात असेल तर सकाळी वीस मिनिटांत डबा तयार होतो. म्हणून आठवड्याची तयारी आधी पाहू.

रविवारची दीड तासाची तयारी

*मोड.* शनिवारी रात्री दोन वाट्या मूग किंवा मटकी भिजत घालावी. रविवारी सकाळी पाणी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवावी. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड दिसू लागतात. आपल्या इंदूरच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मात्र वेळ लागतो. तेव्हा पुरचुंडी झाकणाच्या कॅसरोलमध्ये किंवा बंद कुकरमध्ये ठेवावी. हिंदीत ज्याला ‘अंकुरित’ म्हणतात ते हेच आपले मोड. मोड आल्याने कडधान्यात क जीवनसत्त्व वाढते आणि लोह शोषले जाण्यात अडथळा आणणारी द्रव्ये कमी होतात. आलेले मोड फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतात. मुलांना ते कच्चे देऊ नयेत, वाफवून द्यावेत. ओलसर उबेत मोडांबरोबर जंतूही वाढतात.

*भाजणी.* ज्वारी २ वाट्या, बाजरी २ वाट्या, तांदूळ १ वाटी, गहू १ वाटी, हरभरा डाळ १ वाटी, उडीद व मूग अर्धी-अर्धी वाटी, धने अर्धी वाटी, जिरे २ चमचे. प्रत्येक जिन्नस वेगवेगळा खमंग भाजावा, गार करावा आणि गिरणीतून दळून आणावा. हे काम महिन्यातून एकदाच करायचे आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात भाजणी महिना-दीड महिना छान राहते.

*कोरडी चटणी.* एक वाटी भाजलेले शेंगदाणे, आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट आणि मीठ जाडसर कुटावे. दुसऱ्या आठवड्याला शेंगदाण्याऐवजी जवस, तीळ किंवा कारळे घ्यावेत. थालीपिठावर लोण्याच्या जागी हीच चटणी थोड्या कच्च्या शेंगदाणा तेलात कालवून घ्यावी.

*दाण्याचे कूट आणि भाजलेला रवा* प्रत्येकी एक डबा भरून ठेवावा. रवा तेलावर भाजावा.

पाच दिवसांचे पाच डबे

*सोमवार : मुगाची उसळ आणि पोळी.* कुकरमध्ये दोन चमचे तेलाची मोहरी, हिंग, हळद, कढीलिंबाची फोडणी करावी. एक कांदा परतावा, दोन वाट्या मोड, अर्धा चमचा तिखट, मीठ, गुळाचा लहान खडा आणि पाऊण वाटी पाणी घालून एक शिट्टी काढावी. कुकर थंड होईपर्यंत पोळ्या लाटून होतात. कणीक रात्रीच तेलाचा हात लावून मळून फ्रिजमध्ये ठेवली तर आणखी दहा मिनिटे वाचतात.

*मंगळवार : झुणका.* पिठले डब्यात सांडते, म्हणून शाळेसाठी झुणका बरा. तीन चमचे तेलाच्या फोडणीत दोन कांदे व लसूण परतून हळद, तिखट, मीठ आणि पाऊण वाटी पाणी घालावे. उकळी आली की एक वाटी बेसन हळूहळू पसरून घालावे, हलवावे, झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटे वाफ आणावी. मधून मधून उलथन्याने मोकळे करावे. रात्रीच्या जेवणाला याच एक वाटी बेसनात तीन वाट्या पाणी घातले की पिठले तयार. पुष्कळ घरांत पिठल्यात ताक घालतात. त्याऐवजी आमसूल किंवा चिंचेचा कोळ घालावा.

*बुधवार : थालीपीठ.* दोन वाट्या भाजणीत बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर किंवा मेथी, तिखट, मीठ घालून कोमट पाण्याने मळावे. तव्यावर थापून मध्ये भोक पाडावे, तेल सोडावे, झाकण ठेवावे. गार झाले तरी ते मऊ राहते, म्हणून डब्याला उत्तम. बरोबर कोरडी चटणी आणि काकडी.

*गुरुवार : पोहे.* इंदूरकरांना पोहे शिकवण्याचे धाडस कोण करील! एवढेच सुचवतो की डब्याच्या पोह्यांत मूठभर मटार आणि मूठभर शेंगदाणे घालावेत, म्हणजे नुसता पिष्टमय पदार्थ राहत नाही. आपली शेव बेसनाची असते, ती चालते. वरून जीरावन आणि लिंबू पिळायला विसरू नये. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे पोह्यांतले व दाण्यांतले लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते. पोह्यांबरोबर चहा घेतला तर उलट घडते, कारण चहा लोह अडवतो. म्हणून चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा. पोह्यांच्या जोडीच्या जिलबीची मात्र चौकशी करावी. तिच्या पिठात दही किंवा तळणीत तूप असू शकते.

*शुक्रवार : सोयाबीनच्या वड्यांची भाजी.* एक वाटी वड्या मीठ घातलेल्या गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून घट्ट पिळाव्यात. कांदा-टोमॅटोच्या फोडणीत त्या आणि मटार घालून सात मिनिटे शिजवावे, दोन चमचे दाण्याचे कूट घालावे. घाई जास्तच असेल तर आपल्या माळव्याची शेव-टोमॅटोची भाजी दहा मिनिटांत होते. ती मात्र आठवड्यातून एखाद्या वेळी, कारण शेवेत तेल-मीठ बरेच असते.

शनिवारी उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा किंवा फोडणीचा भात करावा. रात्रीचा भात जेवणानंतर लगेच फ्रिजमध्ये ठेवावा आणि सकाळी पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करावा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात डब्यात देऊ नये.

दुधातून मिळणारे दुसरीकडून कसे मिळवावे?

दूध बंद केले की त्यातून मिळणारी प्रथिने, कॅल्शियम आणि बी-१२ हे जीवनसत्त्व बंद होते. त्यांची भरपाई केली नाही तर डबा कितीही रुचकर असला तरी मुलाचे नुकसान होते.

*प्रथिने.* डाळी व कडधान्यांत १०० ग्रॅमला साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात. शेंगदाण्यातही जवळपास तेवढीच, सोयाबीनमध्ये त्याहून बरीच जास्त. धान्यांच्या प्रथिनांत ‘लायसिन’ हा घटक कमी असतो, तो डाळींत भरपूर असतो. डाळींत जो कमी तो धान्यांत असतो. वरण-भात, उसळ-पोळी, पिठले-भाकरी या जोड्या एकमेकींची उणीव भरून काढतात. माळवा हा तर सोयाबीनचा प्रदेश आणि देशाची सोयाबीन संशोधन संस्थाही आपल्या इंदुरात आहे; तरी आपल्या स्वयंपाकघरात सोयाबीन फार कमी दिसते. नऊ वाट्या गव्हाला एक वाटी सोयाबीन या प्रमाणात दळून आणल्यास पोळीच्या चवीत फारसा फरक पडत नाही. सोयाबीन कच्चे दळू नये. आधी वीस-पंचवीस मिनिटे उकळून कडक उन्हात वाळवावे, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडथळा करणारे द्रव्य असते आणि ते उष्णतेने नाहीसे होते.

*कॅल्शियम.* गाईच्या १०० ग्रॅम दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणीत १०० ग्रॅमला ते ३४० मिलिग्रॅमच्या वर असते आणि न सडलेल्या तिळात त्याहूनही पुष्कळ जास्त. मात्र तीळ आपण चमच्याने खातो आणि दूध पेल्याने पितो, हे हिशेबात धरावे. शिवाय तिळातले सर्व कॅल्शियम अंगी लागत नाही. म्हणून एकाच पदार्थावर विसंबू नये. नाचणीची भाकरी किंवा आंबील, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याचे लाडू असे आलटून पालटून द्यावे. कॅल्शियम हाडात बसायला ड जीवनसत्त्व लागते, त्यासाठी मुलांनी उन्हात खेळायला हवे.

*बी-१२.* या बाबतीत स्वयंपाकघरातून भरवशाचा उपाय नाही. हे जीवनसत्त्व सूक्ष्म जंतू तयार करतात आणि माणसाला ते मांस, अंडी, दूध यांतून मिळते. भाजी, डाळ, मोड, इडलीचे आंबवलेले पीठ यांवर त्यासाठी विसंबता येत नाही. ते कमी पडले तर थकवा, रक्तक्षय, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा अशी लक्षणे हळूहळू दिसतात आणि फार उशीर झाला तर मज्जातंतूंचे नुकसान कायमचे राहू शकते. ज्या घरांत दूध-अंडी अजिबात घेतली जात नाहीत, तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ ची गोळी किंवा ते मुद्दाम मिसळलेले पदार्थ घेणे आवश्यक आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी यात बिलकूल चालढकल करू नये.

याबाबत महात्मा गांधींचे उदाहरण बोलके आहे. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. १९१८ साली ते फार आजारी पडले आणि प्रकृती सावरेना, तेव्हा शेवटी शेळीचे दूध घ्यायला तयार झाले. गाई-म्हशीच्या दुधाचा त्याग त्यांनी पुढेही पाळला, पण दुधाला वनस्पतीचा पर्याय त्यांना सापडला नाही याची खंत आत्मकथेत नोंदली आहे. त्या काळी बी-१२ चे नावही कोणाला ठाऊक नव्हते. शास्त्रज्ञांनी ते वेगळे काढले १९४८ साली. गांधीजींसारख्या निग्रही माणसालाही जे जमले नाही, ते आज जमू शकते याचे कारण ही माहिती आपल्या हाती आहे. ती न वापरता नुसत्या उत्साहाने दूध सोडू नये, असे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे.

आणखी एक सूचना. शेंगदाणे सहा तास भिजवून, चौपट पाण्यात वाटून, गाळून, उकळून केलेले ‘दूध’ खिरीला किंवा भाजीच्या रशाला चांगले लागते. पण ते तान्ह्या बाळाला दुधाऐवजी कदापि देऊ नये. बाळाला दूध सोसत नसेल तर डॉक्टर सांगतील तेच द्यावे.

पाकिटावरचा हिरवा ठिपका

पाकिटावर हिरवा ठिपका असला म्हणजे पदार्थ शाकाहारी; दूधविरहित असेलच असे नाही. बिस्किटे, पाव, चॉकलेट, सूपची पाकिटे, मसालेदार वेफर यांत दुधाची भुकटी किंवा ताकाची पावडर असू शकते. पाकिटावर घटकांच्या यादीजवळ ॲलर्जीकारक घटकांची सूचना असते. तिथे ‘मिल्क’ हा शब्द शोधावा. व्हीगन पदार्थांसाठी आपल्या देशात २०२२ साली वेगळे नियम झाले आणि त्यांची वेगळी हिरवी खूणही ठरली. विद्यार्थ्यांनी घरातली पाच पाकिटे घेऊन यादी वाचून पाहावी. विज्ञानाच्या वहीत नोंद करण्याजोगा हा प्रयोग आहे.

शाळेने आणि घराने काय करावे?

विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती आहे की स्नेहसंमेलन, सहल आणि तिळगूळ समारंभाच्या अल्पोपाहारात एक तरी पदार्थ दूध-तुपाशिवाय असावा, त्याला वेगळा डाव असावा आणि समोर घटकांची पाटी असावी. पोहे, हरभऱ्याची उसळ, फळे, तिळगूळ यांना वेगळा खर्च येत नाही. शेंगदाणे किंवा तीळ असतील तर पाटीवर तेही लिहावे, कारण त्यांचीही ॲलर्जी असते. सगळ्यांबरोबर पंगतीत बसून एक मूल रिकामी बशी धरून राहते, हे आपल्या शाळेला शोभणारे नाही.

पालकांना विनंती अशी की वाढदिवसाला वर्गात वाटायला पेढ्यांऐवजी फळे किंवा पेन्सिली पाठवाव्यात.

आणि विद्यार्थी मित्रहो, वर सांगितलेला वीस मिनिटांचा डबा एकट्या आईने करायचा असे कुठेही लिहिलेले नाही. पाचवी-सहावीच्या मुला-मुलींनी रात्री मूग निवडून भिजत घालावेत, मटार सोलावेत, दाणे कुटावेत. आठवीच्या पुढच्यांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली फोडणी, कुकर आणि थालीपीठ शिकून घ्यावे. मुलगा-मुलगी असा भेद यात नको. उद्या शिक्षणासाठी पुण्याला, बेंगळुरूला खोली घेऊन राहाल तेव्हा हीच विद्या पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल.

सुरुवात सोपी आहे. येत्या शनिवारी रात्री झोपण्यापूर्वी दोन वाट्या मूग भिजत घालावेत.